उलटं गाव आणि काशिनाथमामा

माझ्या हातून एकदा एक अख्खं गाव उलटं झालं. ओढा उगवतीला होता, तो मी मावळतीला नेला. टेकडी मावळतीला होती, ती उचलून ओढ्याच्या जागी ठेवली. देवाला हे करायला युगं लागली असती. मला आयटीआयच्या प्रमाणपत्राच्या जोरावर एका दुपारीत जमलं.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि रस्त्यांच्या कचेरीत मी ट्रेसर होते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालच्या रेघा शाईनं गिरवायच्या, एवढंच काम. तो मूळ नकाशाही पातळ कागदावरचा होता. मी तो पालथा ठेवला आणि जीभ दातात धरून झकास गिरवला. गावाशिवाराची नावं यादीवरून नंतर लिहायची असत, त्यामुळे ती मात्र सरळ आली. कचेरीत सगळे बदलीवर आलेले, निलंग्याकडचं ते गाव कुणीच पाहिलेलं नव्हतं. साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक करून सही ठोकली. मी दोन वेण्या उडवत आठवडाभर त्या कौतुकावर जगले. तेव्हा मी फारच हुशार होते.

तो नकाशा गेला काशिनाथमामांच्या हाती.

मामा मोजणीची साखळी ओढायचे. काटकुळे, सदा अनवाणी. कचेरीच्या जीपमध्ये ते कधी बसले नाहीत. "मोटारीत बसलं की रस्ता बुडाखालून जातोय, डोस्क्यात येत न्हाई," म्हणायचे, आणि पहाटे निघून जीपच्या आधी कामावर हजर असायचे. जमिनीत खुंटी ठोकताना आधी तिची माफी मागायचे. कागदाबद्दल मात्र त्यांना काडीचा आदर नव्हता. "कागूद काय, कुटंबी वाकतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. साहेब मोठ्या तोऱ्यात नकाशा पसरायला लागले की हे वाक्य हमखास ऐकू यायचं, आणि साहेबांना प्रत्येक वेळी ते स्वतःबद्दलच वाटायचं.

त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. कुठल्याही गावात गेले की म्हाताऱ्या बाया गाठायच्या आणि मोठ्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते विचारायचं. कुणी जोत्याची पायरी दाखवायची, कुणी लिंबाचा बुंधा. मामा तिथं खडूनं रेघ मारायचे. दिवस दुष्काळाचे. त्या बायांना एका घागरीसाठी टँकरच्या मागं पळावं लागत होतं, आणि हा बाबा पूर कुठवर येतो ते विचारतोय. एका आजीनं तर त्यांना सरळ सांगितलं, की बाबा, तू आधी पूर घेऊन ये, मग मी दाखवते कुठवर येतोय ते. मामा शांतपणे म्हणाले, "मावशी, पावसाळ्यात तर समदेच सांगतेत. दुष्काळातच इचारायचं असतंय."

तर माझ्या त्या उलट्या गावी रस्त्याचं दुष्काळी काम उघडायचं होतं. घमेली, टिकाव घेऊन दोन-तीनशे माणसं सकाळपासून बसलेली. नकाशात चूक निघाली असती तर फाईल कचेरीत परत, आणि ही माणसं चूल न पेटवता घरी. मामांनी नकाशा पाहिला, शिवार पाहिलं. नकाशाप्रमाणे रस्ता थेट ओढ्याच्या पात्रातून जात होता. मग त्यांनी कागद पालथा केला आणि मागून उन्हासमोर धरला. उन्हाला काही तोटा नव्हता. सगळ्या रेघा पलीकडून स्वच्छ दिसल्या, टेकडी टेकडीच्या जागी आली. अक्षरं उलटी झाली, पण त्यानं मामांचं काही बिघडलं नाही. त्यांना सरळ अक्षरंही वाचता येत नव्हती.

दिवसभर मामा नकाशा असा आभाळाला दाखवत खुंट्या ठोकत राहिले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला ऊन लागलं. पण काम उघडलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि कागद खिडकीवर पालथा धरून एवढंच म्हणाले, "बाई, हितून बघा."

मी बघितलं आणि मूळ कागद शेजारी धरला. रेघा आता जुळत होत्या. माझी नेमणूक कच्ची होती. वडिलांनी लातूरला सोडतानाच बजावलं होतं, की एक तक्रार कानावर आली की त्याच दिवशी घरी. देगलूरचं स्थळ तयारच होतं. मी रडायच्या बेतात आले. मामांनी तिकडं पाहिलंच नाही. बंडीच्या खिशातून भाकरीची पुरचुंडी काढली, तिच्यातली तेलकट चटणी बोटानं घेऊन नकाशावर ऐसपैस फासली आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले.

साहेबांचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू आला. सरकारी नकाशा आणि चटणी, हा संबंध त्यांना सहन होईना. नवा नकाशा गिरवायचा हुकूम मला सुटला आणि मामांना लेखी खुलासा द्यायचा. मी जेवणाची सुट्टी न घेता मूळ कागद चारदा उलटसुलट तपासला आणि नकाशा नव्यानं काढला. साहेबांनी पहिल्या नकाशावर रेघा न बघता सही केली होती, तशीच दुसऱ्यावरही केली. त्या बाबतीत ते फार सरळ होते. गाव जागेवर आलं, नोकरी राहिली.

उरला खुलासा. मामांना लिहिता येत नसल्यामुळे तो लिहायची पाळी कुणावर आली असेल, ते सांगायला नको. ते भिंतीला टेकून उकिडवे बसले आणि सांगू लागले. मी लिहू लागले, की मी भाकर खात असता माझ्या निष्काळजीपणाने वगैरे. दोन ओळींनंतर मी पेन खाली ठेवलं. मी विचारलं, मामा, तुम्ही का हे अंगावर घेता?

ते अंगठ्याला लावायची शाई बघत म्हणाले, "माय, तुझी चूक निघाली तर तुझा बाप येऊन घरी नेईल. माझी निघाली तर मला न्यायाला कोन हाय? लिव म्होरं. चटणी जवसाची व्हती, तेबी लिव."