सुपडूनानांची पायरी

सुपडूनाना आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझे वडील गेले त्या दिवशी, आणि आल्या आल्या त्यांनी खिशातून मोजायचा टेप काढला.

आमच्या गल्लीत राहायला येऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. अंगणात माणसं गप्प उभी होती, तिरडी बांधून झाली होती. पांढरा लेंगा आणि खाकी शर्ट घातलेला हा अनोळखी माणूस दारापुढच्या तीन पायऱ्यांशी उकिडवा बसला, प्रत्येक पायरीला टेप लावला आणि खांदेकऱ्यांना म्हणाला, "मधली पायरी दीड इंचानं उंच आहे. उतरताना पाय फसेल. पुढच्या दोघांनी तिथं थांबा, अंदाज घ्या, मग उतरा."

माझ्या काकांच्या कपाळाला आठी पडली. पण माणसं थांबली, आणि वडील घराबाहेर पडले ते हिसका न बसता. त्याच पायरीवर वडील वर्षानुवर्षं ठेचकाळत आले होते आणि शिव्या मात्र चपलेला देत होते.

नानांनी उभा जन्म धुळ्यात बसची बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्यात काढला होता. त्यांच्याकडे काम एकच, दारातल्या पायऱ्या बसवण्याचं. मुलगी जळगावात दिलेली, म्हणून निवृत्तीनंतर दोघं नवरा-बायको इथे आले. पुढे जावयाची बदली झाली, मुलगी नागपूरला गेली, आणि हे इथेच राहिले.

पायरी मोजल्याशिवाय नाना कुठेही पाऊल ठेवत नसत. लग्नात स्टेजवर आहेर द्यायला गेले तर आधी खाली बसायचे. मागे रांग खोळंबायची. वर पोचल्यावर आशीर्वादाच्या जागी नवरीला सांगायचे, "पहिली सात, दुसरी साडेआठ. उतरताना शालू वर धर." दवाखान्याच्या दारात त्यांनी एका डॉक्टरांना अडवून विचारलं होतं, की तुमचा धंदा आत चालतो की या पायरीवर? "पायरी हाडाला विचारून करायची असते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं, "डोळा चुकतो, पाय चुकत नाही. पाय मागचीच उंची धरून चालतो, म्हणून तर पडतो."

लोक हसायचे. मीही हसायचो. त्यांच्या बायकोला भेटेपर्यंत.

इंदूअक्का आतल्या खोलीत पलंगावर असायच्या. उजव्या खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, आत सळई. काठी घेऊन घरात हिंडायच्या, पण गुडघा-खुबा पुरता वाकत नसे, त्यामुळे रिक्षात, मोटारीत बसणं होत नव्हतं. बसची पायरी चढणं तर नाहीच. रेल्वे सरळ दोंडाईच्याला जाते, पण फलाट आणि डबा यांच्यामधली फट त्यांना झोपेतसुद्धा दिसायची. एकदा मी म्हटलं, "अक्का, आपण ॲम्ब्युलन्स करू." त्या म्हणाल्या, "मला उचलून न्यायचं ते एकदाच. तेव्हा मी बघायला नसेन, तुम्ही करा हवं ते."

दोंडाईच्याचं नाव निघायचं कारण त्यांची धाकटी बहीण कमल. ती तिथे आजारी होती, आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या, अहिराणीत. पलीकडून हमखास प्रश्न यायचा, "कवय येशी?" कधी येशील? अक्का नानांकडे बघायच्या आणि फोनमध्ये सांगायच्या, "पायरी व्हई रायनी." पायरी होतेय.

ती पायरी म्हणजे हे प्रकरण.

हिवाळ्यात नानांनी असोद्याच्या एका केळीवाल्याकडून जुनी पिकअप गाडी घेतली. मागच्या हौद्यावर पत्र्याची खोली उभी केली. आत पलंग, पाण्याचा पिंप, एक पंखा आणि ड्रायव्हरशी बोलायला छोटी खिडकी. फिरतं घरच. अक्कांनी झोपून जावं, वाटेत थकल्या तर गाडी उभी करावी, असा बेत. खोली तीन आठवड्यांत झाली. मग प्रश्न आला आत चढायचा. गाडीचा तळ जमिनीपासून बत्तीस इंच, आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंनी अक्कांना सहा इंचांपेक्षा जास्त चढायला मनाई केलेली.

मी शाळेत चित्रकला शिकवतो. त्यामुळे आराखडे काढायचं काम माझ्याकडे आलं. माझ्याकडे गाडी चालवायचा परवानाही होता, आणि नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणजे मी दुहेरी अडकलो.

पहिली पायरी मोबाईलवरून मागवली. ॲल्युमिनियमची, घडीची, दिसायला सुरेख. नानांनी गल्लीतल्या जाड माणसांना एकेक करून वर उभं केलं. मोडली नाही. पण थोडी हलली. "हालली की भीती पायात शिरते," नाना म्हणाले, आणि ती परत गेली. दुसरी तळाखालून ड्रॉवरसारखी बाहेर ओढायची. ती स्टेपनीला अडली. तिसरी सुटी, लाकडी, देवघरासमोरच्या पाटासारखी. ती अंगणात ठीक होती, पण वाटेत काळ्या मातीत एक पाय रुतला तर?

हे सगळं चालायचं रफीकभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात. रफीकभाई शांत माणूस. एकदा मला म्हणाले, "सर, यांचं काम घेतलं तेव्हा माझ्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. ठरलं, झालं, ती माहेरपणाला येऊन गेली. यांची पायरी अजून टेबलावर."

त्यांनीच एकदा सुचवलं, की धुळ्याला भंगारात जुन्या बसच्या तयार पायऱ्या मिळतात, एक आणू, कापून बसवू. आणलीही. नानांनी ती टेम्पोतून उतरवताना बघितली आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेलो. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं नाना?"

मग रस्त्याकडे बघत त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी अक्का माहेराहून परत येताना दोंडाईच्यात एका खाजगी बसमध्ये चढत होत्या. पाय पोचला नाही, मागे पडल्या. अक्कांना दवाखान्यात पोचवून नाना ती बस बघायला गेले. खाली वाकून पायरीचे ब्रॅकेट बघितले.

"माझं वेल्डिंग होतं, सर. अक्षर ओळखू येतं तसं वेल्डिंग ओळखू येतं."

ते माझ्याकडे न बघता पुढे सांगत राहिले.

"कारखान्याचा मालक म्हणाला होता, गतिरोधकाला पायरी घासते, चार इंच वर घे. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसांचा पाय पोचणार नाही. तो म्हणाला, म्हातारी माणसं अशी किती चढतात? मी आणखी काही बोललो नाही. चष्मा लावला आणि काम चालू केलं. एक गाडी नाही. किती ते आठवत नाही."

"अक्कांना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग म्हणाले, "ही पायरी झाली की सांगेन."

चौथी पायरी खरंच चांगली झाली. मागच्या दाराला बिजागरीवर टांगलेली, प्रवासात वर उचलून बांधायची, थांबल्यावर खाली सोडायची. गाडीत पलंग, पाणी आणि माणसं बसली की स्प्रिंगा दबून तळ दोन इंच खाली येतो, हे नानांनी वाळूची पोती भरून मोजलं होतं. उरले तीस इंच. सहा-सहाचे पाच टप्पे, म्हणजे चार पायऱ्या आणि पाचवा गाडीचा तळ. अख्खं पाऊल मावेल इतकी रुंदी. डाव्या बाजूला कठडा, उजव्या बाजूला दुसरा. पाय घसरू नये म्हणून वर खवल्यांचा पत्रा. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता नाना त्या पत्र्यावर अनवाणी उभे राहिले, तळपाय भाजून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी वर रबर चिकटवून घेतलं.

अक्कांना दाखवायला गाडी अंगणात आणली. त्यांनी खिडकीतून बघितलं. "चालेल मला. उद्या निघू."

नाना खाली बसून मोजत होते. त्यांनी आदल्या आठवड्यात पलंग बदलून जड सागवानी केला होता. तळ आणखी अर्धा इंच दबला होता. "खालची पायरी साडेपाच झाली. बाकी सहा."

"नाना, अर्धा इंच," मी म्हटलं.

"अर्ध्या इंचालाच पाय फसतो."

"अहो, मला चालेल म्हणते ना," अक्का आतून म्हणाल्या. "कमल आता फोनवर नीट बोलत नाही. तिची सून बोलते."

"दोन दिवस," नाना म्हणाले. "खालचे पाय कापून स्क्रूचे लावतो. जमीन कशीही असली तरी वरखाली करता येतील. फक्त दोन दिवस."

अक्कांनी खिडकी लावून घेतली. तो आवाज मला आवडला नाही. पण मी गाडी रफीकभाईंकडे नेली. मी नेली, हे सांगायला हवं. नाही म्हणता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमलच्या सुनेचा फोन आला. कमल पहाटे गेली होती.

मी धावत गेलो. नाना ओट्यावर उभे होते, एका पायात चप्पल. पायरी रफीकभाईंच्या दुकानात पाय कापलेली पडली होती. मी म्हटलं, आम्ही चौघं जण अक्कांना उचलून आत ठेवतो, दुपारपर्यंत पोचू. नाना आत विचारायला गेले. अक्कांचा आवाज मला बाहेर ऐकू आला. रडका नव्हता.

"आता कशाची घाई? ती काय वाट बघतेय?"

दहाव्याला निघालो. स्क्रूचे पाय बसले होते. रफीकभाई स्वतः आले होते, पाना घेऊन. चारही पायऱ्या आणि तळ, सगळं सहा-सहा. अक्का काठी टेकत बाहेर आल्या, काठी माझ्याकडे दिली. चांगला पाय आधी, मग दुखरा. एक, दोन, तीन, चार, आणि आत. कोणी धरलं नाही, धरावं लागलं नाही. दारात वळून त्या नानांना म्हणाल्या, "पायरी चांगली व्हयनी."

एवढंच. नाना गाडीच्या चाकाकडे तोंड करून उभे राहिले. रफीकभाईंनी पाना खिशात घातला आणि निरोप न घेताच स्कूटर चालू केली.

एरंडोल, पारोळा, धुळं. नाना माझ्या शेजारी बसले होते. मागे छोटी खिडकी उघडी होती, पण तिच्यातून इकडून तिकडे एक शब्द गेला नाही.

दोंडाईच्याला कमलच्या घरी विधी उरकले होते. तिच्या घराचा उंबरा चांगला फूटभर उंच. त्याच्यापुढे दोन विटा आणि वर एक फळी अशी घाईची पायरी रचलेली होती. कमलची सून म्हणाली, "मावशी, आईंनी करून घेतली. मागच्या महिन्यातच. म्हणाल्या, ताईचा पाय वर येत नाही, ती आली तर दारातूनच परत जाईल."

अक्कांनी फळीकडे बघितलं. मग तिच्यावर चढल्या. ती डुगडुगली. मी पुढे झालो, पण त्या आत गेल्या होत्या. नाना मात्र बाहेरच राहिले. दोन विटा आणि फळी, एका मरणाऱ्या बाईनं सांगून पाच मिनिटांत झाली असणार. जेवायला बोलावलं तेव्हाही त्यांनी त्या फळीवर पाय ठेवला नाही. उंबरा ओलांडून आत गेले.

परतताना धुळ्याच्या पुढे अक्कांना आडवं पडून कंटाळा आला. ऊन कलत होतं. मी एका टपरीशी गाडी उभी केली, पायरी सोडली. अक्का दोन पायऱ्या उतरल्या आणि दुखरा पाय सरळ खाली सोडून तिथेच टेकल्या. नाना खाली जमिनीवर उभे. मी चहा आणून दिला आणि बाजूला सरकलो, पण फार लांब जायला जागा नव्हती.

नाना म्हणाले, "त्या बसची पायरी मी जोडलेली होती. तू पडलीस ती."

अक्कांनी चहाचा घोट घेतला. "माले ठाऊक शे."

"कसं?"

"ऑपरेशन झालं त्या रात्री माझ्या उशाशी बसून स्वतःशीच बडबडत होतात. तुम्हाला वाटलं, मला गुंगी आहे."

"तीन वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुम्ही पायऱ्याच करत बसले."

रस्त्यावरून एक केळीचा ट्रक गेला.

"पडण्याचं मी कधीच सोडून दिलं," अक्का म्हणाल्या. "पण कमलची भेट राहिली माझी. ते नाही सुटणार. तुम्हाला चांगलं वाटावं म्हणून सुटलं, असं म्हणणार नाही मी."

"हो," नाना म्हणाले. "नको म्हणू."

ते पुन्हा काही म्हणतील असं मला वाटलं. एरवी कुठल्याही पायरीवर त्यांचं बोलणं संपायचं नाही. पण ते नुसते उभे राहिले, हातातला चहा गार होऊ देत, आणि पहिल्यांदाच मला ते म्हातारे दिसले.

चहा संपला. अक्का उठायला लागल्या. दोन्ही बाजूंना कठडे होते, तीन वर्षं त्या कुणाचाही आधार न घेता घरात हिंडल्या होत्या. त्यांनी कठडा सोडला आणि हात पुढे केला.

"धरा," त्या म्हणाल्या.

नानांनी धरला. मी पेले परत द्यायला टपरीकडे गेलो, आणि यायला मुद्दाम उशीर केला.