कॅनडाच्या फाइलीतली तलवार

"'वराला एकाही फोटोत पाय नाहीत,'" ईशानीनं मोबाइलवरचं इंग्रजी मराठीत करून वाचलं आणि देवासच्या त्या बैठकीत चहाचे कप जागच्या जागी थांबले.

लग्न होऊन दुसरं वर्ष सरत आलं होतं. नवरा, म्हणजे रणवीर, कॅनडात नोकरीला. ईशानी सासरी देवासला, सासूबाई भवानीबाई आणि आजेसासरे गणोजीराव यांच्याजवळ. बायकोला तिकडे नेण्यासाठी रणवीरनं केलेला अर्ज कुठंतरी अडकून बसला होता. विचारावं तर एकच उत्तर यायचं, 'काम सुरू आहे.' सरकारी काम सुरू आहे म्हणजे काय, हे देवासच्या माणसाला कॅनडानं शिकवायची गरज नव्हती. शेवटी रणवीरनं आपल्याच फाइलीतल्या नोंदी पाहायला मिळाव्यात म्हणून वेगळा अर्ज केला, आणि आज त्या आल्या होत्या.

"पुढं काय लिहिलंय?" भवानीबाईंनी विचारलं.

"'सगळ्या फोटोंत वराची मान एकाच बाजूला कललेली. हसणंही तेच. एका फोटोत पाहुण्याचा हात त्याच्या छातीतून आरपार गेला आहे. लग्न खरोखर झाले का, याबद्दल शंका.'" ईशानीनं मोबाइल खाली ठेवला. "मतलब, आपली शादीच फर्जी आहे म्हणे, आईसाहेब."

गणोजीराव खाकरले. "पायांचं काय एवढं? लग्न काय पायांशी लागतं?"

"सप्तपदी पायांनीच चालतात, आबासाहेब," भवानीबाई म्हणाल्या.

खरी हकिगत अशी होती. लग्न धारला, ईशानीच्या माहेरी होतं. मुहूर्त दुपारचा, आणि रणवीरचं विमान दिल्लीच्या धुक्यात अडकलेलं. मांडव भरला, पंगतीची पानं मांडून झाली, पण नवरदेवाचा पत्ता नाही. गणोजीरावांचे पूर्वज दरबारच्या फौजेत होते की फौजेच्या मुदपाकखान्यात, यावर घरात दोन मतं होती. पण मुहूर्त टळू द्यायचा नाही यावर एकच मत होतं, आणि ते गणोजीरावांचं. त्यांनी घराण्याची तलवार पुढं केली. "पूर्वी नवरदेव मोहिमेवर असला की खांड्याशी लग्न लागायचं," त्यांनी भर मांडवात जाहीर केलं. "आमचा रणवीर मोहिमेवर आहे!" मग तलवार चौरंगावर उभी राहिली, तिला मुंडावळ्या बांधल्या, मोरोपंत भटजींनी मंगलाष्टकं म्हटली आणि ईशानीनं तलवारीला हार घातला.

रणवीर उगवला दिवेलागणीला. अंगात चुरगळलेली जीन्स आणि सामान कुठल्या तरी तिसऱ्याच गावी गेलेलं. पाहुणे जेवून पांगले होते, हलवाई कढया घासत होता. मोरोपंतांनी पुन्हा होम पेटवला आणि घरच्या चार माणसांसमोर खरं लग्न लागलं. मोबाइल काढायचं भान कुणालाच नव्हतं; फोटो काढले ते एकट्या फोटोवाल्यानं. पुढं दोघांनी जाऊन रीतसर नोंदणीही केली. तो दाखला फाइलीत होताच. पण दाखला काय, सगळेच जोडतात. साहेबलोक बघतात ते फोटो.

"पण संध्याकाळचे फोटो सोडून हे बिनपायाचे कुणी जोडले?" ईशानीनं विचारलं.

"इंदूरच्या व्हिसा एजंटाला पेन ड्राइव्ह आबासाहेबांनीच नेऊन दिला होता," भवानीबाई म्हणाल्या. दोघींनी वळून पाहिलं. गणोजीरावांना अचानक पोथीची आठवण झाली होती. ते आत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना इंदूरला बस बदलून धारला गेल्या. तिथं लग्नाचे फोटो काढणाऱ्या मोनूचा स्टुडिओ होता. दोघींना पाहताच मोनूनं हात जोडले.

"भाभीजी, मेरी कोई गलती नी हे! आबासाहेब बोले, तलवार हटा, नवरदेव बिठा. अब चौरंग पे तलवार खड़ी थी. उसके पाँव मैं कां से लाता?"

"आणि शाम के फोटो, मोनू भिया?"

"वो कार्ड तो आबासाहेब ले गए. बोले, जला दूँगा, घराने की इज्जत का सवाल हे."

ईशानी मटकन स्टुलावर बसली. तेवढ्यात रणवीरचा फोन आला. तिकडे पहाट होती, पण त्याची झोप पार उडालेली होती.

"ईशानी, आबासाहेबांना कुणी एकटं सोडलं? त्यांनी एजंटाकडे जाऊन खुलासा पाठवला! मला कॉपी आली आत्ता."

झालं होतं असं, की दोघी बसमध्ये चढल्या आणि गणोजीरावांना पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप झालेला म्हातारा घरात स्वस्थ बसत नाही. त्यांनी रिक्षा केली, इंदूरची बस धरली आणि एजंटाला मजकूर सांगितला: 'फोटोतील नवरदेव नंतर चिकटवला, हे कबूल. आमच्या नातसुनेचे लग्न भर दुपारी, शास्त्रोक्त पद्धतीने, तलवारीशी लागले आहे. मूळ फोटो सोबत. तरी शंका नसावी.'

शंका खरोखरच उरली नाही. रणवीरनं पुन्हा नोंदी मागवल्या, त्या काही आठवड्यांनी आल्या आणि ईशानीनं पुन्हा बैठकीत बसून वाचल्या. "'अर्जदार महिलेचे लग्न दुपारी एका तलवारीशी झाल्याचे कुटुंबप्रमुख सांगतात. त्याच संध्याकाळी तिने दुसरे लग्न केले म्हणतात. पहिले लग्न मोडल्याचा पुरावा नाही, दुसऱ्याचा एकही फोटो नाही. स्पष्टीकरण न आल्यास अर्ज नाकारावा.'"

"म्हणजे आता तलवारीला काडीमोड द्यायचा?" भवानीबाईंनी कपाळाला हात लावला.

"इथला वकील विचारतोय," फोनच्या स्पीकरवरून रणवीर म्हणाला, "तलवारीच्या नावावर काही प्रॉपर्टी आहे का."

भवानीबाईंना हसू आवरेना. ईशानी मात्र हसली नाही. तिनं फोन ठेवून दिला आणि उभी राहिली. मोठ्यांसमोर आवाज चढवायची तिला सवय नव्हती, म्हणून तो चढण्याऐवजी फुटला.

"आबासाहेब, शादी तलवारीशी झाली आणि संसार मोबाइलशी चाललाय. दो साल झाले. मला माणूस हवाय. शाम का एक, फक्त एक फोटो असता ना, तर मी आज त्याच्याजवळ असते. तुम्ही ते जाळून टाकले. का? जीन्सची शरम वाटली म्हणून?"

गणोजीराव उठले, त्यांनी भिंतीवरची तलवार काढली आणि सर्रकन उपसली.

"आबासाहेब!" भवानीबाई ओरडल्या. "म्यान करा ती आधी!"

गणोजीरावांनी तलवार गादीवर ठेवली आणि म्यान उलटं धरून तळहातावर आपटलं. आधी थोडा गंज पडला, मग एक मेलेलं झुरळ आणि त्यामागून कापसात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं कार्ड.

"जाळणार होतो," ते पुटपुटले. "पण लग्नाचे फोटो कुणी जाळतं का?"

कार्ड लॅपटॉपला लावलं. संध्याकाळचं लग्न एकेक करून पडद्यावर आलं. रणवीर जीन्समध्ये, दोन्ही पायांसकट. ईशानी अशी हसत होती, की दुपारी ती कुणी दुसरीच असावी. आणि दोघांच्या मागं, प्रत्येक फोटोत, गणोजीराव रडत होते. एकात फेट्याच्या शेमल्यानं नाक पुसत होते, एकात तोंड उघडं टाकून हमसत होते, आणि सप्तपदीच्या वेळी तर मोरोपंतांच्या खांद्यावर डोकं ठेवून होते. बिचारे मोरोपंत एका हातानं होमात तूप सोडत होते आणि दुसऱ्या हातानं त्यांना थोपटत होते.

"म्हणजे जीन्ससाठी नाही," भवानीबाई हळूच म्हणाल्या. "ह्यासाठी लपवलं?"

"धारपासून देवासपर्यंत सगळे म्हणतात, गणोजी म्हणजे दगड," गणोजीराव जमिनीकडे बघत म्हणाले. "त्या दिवशी विमानाची काही खबर नव्हती. नको नको ते मनात येत होतं. तीनशे माणसांसमोर दाखवू कसं? म्हणून तलवार काढली. आणि मग पोरगा दारात दिसला, जित्ता, हसत..."

ईशानी त्यांच्या पायाशी बसली. तिचा राग कधी गेला ते तिलाही कळलं नाही. "आबासाहेब, भेजूं का?"

"पाठव," ते म्हणाले. "सगळे पाठव."

पुढं व्हिसा आला. पण रणवीरला आता नोंदी मागवायची चटकच लागली होती. त्यानं शेवटच्या नोंदीही मागवल्या: 'फोटो समाधानकारक. वराचे पाय दिसतात. प्रत्येक फोटोत एक वृद्ध गृहस्थ मोठ्याने रडत आहेत. इतके वाईट नाटक कोणी करणार नाही. लग्न खरे मानावे.' गणोजीरावांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि 'मोठ्याने' हा शब्द काढून मिळेल का, अशी चौकशी केली.

जाण्याच्या दिवशी सगळे इंदूरच्या विमानतळावर आले. धारहून मोनूलाही मुद्दाम बोलावलं होतं. गणोजीराव फेटा बांधून ताठ उभे होते. येताना गाडीत त्यांनी सर्वांना बजावलं होतं, की कुणी रडायचं नाही, ते आपल्याला शोभत नाही. ईशानी पाया पडली, आत गेली आणि काचेपलीकडून वळून हात हलवला. गणोजीरावांचा शेमला नाकाकडे गेला आणि मग जे सुरू झालं, त्यानं रांगेतले प्रवासीसुद्धा वळून बघू लागले.

मोनूनं लाजेकाजेस्तव कॅमेरा खाली घेतला.

"अबे मोनू, खाली काय करतोस?" हुंदक्यांतून गणोजीराव गरजले. "काढ! फाइलीला लागतो."