मत ठरलेलं नाही, बर्फ काढून द्या

मंडळी, यंदाच्या हिवाळ्यात मी फावडं चालवलेलं नाही. आणि हे मी अमेरिकेतल्या आयोवातून सांगतोय, जिथं जानेवारीत दार उघडलं की समोर अंगण नसतं, पांढरी भिंत असते! तरी अख्ख्या ब्रॅन्सबर्गमधे सगळ्यात स्वच्छ वाट माझ्या घरासमोर होती. युक्ती एकच. माझं मत ठरलेलं नव्हतं.

राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षानं कुणाला उभं करायचं, याची सुरुवात देशात आमच्याकडून होते, कॉकस नावाच्या गावसभेनं. त्यामुळे दर चार वर्षांनी मत न ठरलेल्या माणसाची इथं जावयासारखी सरबराई. ठरलेल्याला मात्र कुत्रं विचारत नाही.

मारेन आली तेव्हा मी फावडं घेऊन दारातच उभा होतो. ती उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या गव्हर्नरसाहेबांची कार्यकर्ती, पार ओरेगनहून आलेली. टोपी लाल, नाक त्याहून लाल. तिनं विचारलं, मत ठरलंय का? मी खरं तेच सांगितलं, अजून नाही. तिनं माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि बर्फ उपसता उपसता साहेबांची आरोग्य योजना समजावून सांगितली. वाट साफ होईतो माझं मत ठरलं होतं. योजना काही कळली नाही. मत ठरलं.

पण "ठरलं" म्हणालो असतो तर ती खूश होऊन पुढच्या घरी गेली असती ना! आपल्या खिशातल्या मताकडे कोण कशाला परत येईल? म्हणून म्हणालो, "विचार करतो. उद्या येशील?"

ती आली. रोज यायला लागली. वाट साफ झाली की स्वयंपाकघरात बसून गरम कोको प्यायची, आणि मी रोज नवी शंका काढायचो. इतक्या शंका मला शाळेत आल्या असत्या तर मी आज किराणा दुकानात पिशव्या भरत नसतो.

अशी बातमी गावात दडून राहत नाही. बाकीच्या दोन आघाडीच्या उमेदवारांचे लोकही फावडी घेऊन हजर झाले. मी कुणाला नाही म्हणायचं? मारेनला नाही म्हटलं नव्हतं, मग यांना कुठल्या तोंडानं म्हणू?

टीव्हीवरचे तज्ज्ञ उमेदवारांची तुलना भाषणांवरून करतात. मी फावड्यावरून केली. सिनेटरसाहेबांची माणसं आधी वाटेवर उभी राहून बैठक घ्यायची, मग वर फोन लावून परवानगी मागायची, आणि अर्धीच वाट काढून फोटो काढायची. उरलेली अर्धी दुसऱ्या टप्प्यात! महापौरबाईंची पोरं भलती उत्साही. गाणी म्हणत यायची, माझा सगळा बर्फ शेजारच्या इर्मा ड्वोराकबाईंच्या अंगणात फेकायची आणि जाताना स्नोमॅन करून त्याला महापौरबाईंचा बिल्ला लावायची. गव्हर्नरसाहेबांची वाट मात्र पट्टीनं आखल्यासारखी, वर पुन्हा बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरलेलं. हे तिघं देश कसा चालवतील, ते मला दारातच कळलं.

एकदा मारेननं तो बिल्लेवाला स्नोमॅन बघितला. तिचा चेहरा पडला. मी घाईघाईनं सांगितलं की महापौरबाईंच्या बाजूचे आमचे बाबा आहेत. झालं! ती बाबांसमोर खुर्ची ओढून बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. ती गेल्यावर बाबा म्हणाले, "मी रिटायर झालोय म्हणून मला पुढे करतोस? कर. पण कॉकसच्या दिवशी काय करशील? तिथं चिठ्ठी नसते बेट्या. गावासमोर कोपऱ्यात उभं राहावं लागतं. जीभ कितीही घरं फिरून येईल, पाय एकाच ठिकाणी राहतात."



कॉकसच्या संध्याकाळी शाळेच्या बास्केटबॉल हॉलमधे गाव लोटलं. तीन कोपऱ्यांत तीन उमेदवारांच्या पाट्या, आणि तिन्हींखालून मला हात दाखवणारे लोक! बाहेरगावच्या कार्यकर्त्यांना मत नसतं, ते कडेच्या बाकांवर. मारेन तिथं बसली होती. मी शूरासारखा चौथ्या कोपऱ्यात गेलो. मत न ठरलेल्यांच्या.

तिथं आमची अख्खी गल्ली उभी होती. ज्यांच्या ज्यांच्या वाटा चकाचक, ते सगळे. इर्माबाई मला बघून सरकल्या आणि कानात म्हणाल्या, "ये. तुझ्या अंगणातून आलेला बर्फसुद्धा सिनेटरवाल्यांकडून काढून घेतला मी."

पहिली मोजणी झाली. ठरावीक आकडा गाठला नाही तर कोपरा मोडतो, असा नियम. गव्हर्नरसाहेबांचा कोपरा एका माणसानं कमी पडला! पुन्हा हलायला थोडा वेळ मिळतो. मारेन बाकावरून उठली. माझ्याकडे बघत राहिली. टोपी हातात पिळत होती.

मी निघालो. बास्केटबॉलचं ते मैदान त्या दिवशी कुणीतरी ओढून लांब केलं होतं. सिनेटरवाला पोरगा बाकावरून ओरडला, "अरे, माझी कंबर गेली तुझ्यापायी!" महापौरबाईंची पोरं नुसती स्नोमॅनसारखी थिजली. मी गव्हर्नरसाहेबांच्या पाटीखाली जाऊन उभा राहिलो. कोपरा वाचला. टाळ्या पडल्या.

मारेन धावत आली, माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "शेवटी कशानं ठरलं रे तुझं?"

आणि मी, मूर्ख, खरं बोललो. "पहिल्याच दिवशी ठरलं होतं. सांगितलं असतं तर तू यायची थांबली असतीस."

तिनं हात सोडले. "पहिल्या दिवशी? मग महिनाभर मी काय उपसत होते?"

मी कोकोबद्दल काहीतरी पुटपुटलो.

"वेड्या," ती म्हणाली, "ठरलेल्या माणसाला आम्ही सोडतो होय? त्याच्या हातात फावडं देतो आणि बरोबर घेऊन फिरतो. मला जोडीदार हवाच होता. रोज, सकाळपासून रात्रीपर्यंत. एकटीनं केलं सगळं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तिन्ही उमेदवारांच्या गाड्या न्यू हॅम्पशायरला गेल्या, तिथलं मतदान पुढचं. आणि गाड्या गेल्या तसा बर्फ सुरू झाला. दुपारी दार उघडलं तर समोर भिंत! फावडं शोधायला गेलो. ते मारेननं पहिल्या दिवशी घेतलं होतं, ते तिच्याच गाडीत राहिलं.

सध्या मी मोठ्या तव्यानं बर्फ काढतोय. पलीकडे इर्माबाई केराची सुपली घेऊन वाकल्यात. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. बाबा मात्र खिडकीत कोको पीत बसलेत आणि मधूनमधून काच सरकवून विचारतात, "काय रे, मत ठरलं का?"