लावला, बघितला, परत बघितला

इनास गाडी उभी करतो तेव्हा आधी हँडब्रेक ओढतो, मग गाडी गिअरमध्ये टाकतो, मग सीटखालून बाभळीचा ठोकळा काढून चाकाला लावतो. मग दोन पावलं मागे सरून त्या ठोकळ्याचा मोबाइलवर फोटो काढतो आणि बायकोला पाठवतो. बायको उलट अंगठा पाठवते. तो अंगठा आल्याशिवाय इनास गाडीपासून हलत नाही. बोळिंजला आमच्या सोसायटीचं आवार कॅरमच्या पटासारखं सपाट आहे, पण तिथेही नाही.

"लावला. बघितला. परत बघितला," असं तो स्वतःशीच पुटपुटतो. नातीच्या बाप्तिस्म्याचे त्याच्या फोनमध्ये चार फोटो आहेत. बाकी सगळे ठोकळे.

एकदा फिलूवहिनी, म्हणजे त्याची बायको, चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेल्या होत्या, फोन बंद होता. इनास पाऊण तास गाडीपाशी खांबासारखा उभा. ज्यांची पापलेटं होती ते बोंबलत होते, "अंकल, बर्फ वितळला, चला ना!" इनास शांतपणे म्हणाला, "मला काय सांगतोस? पाद्रीबाबाला सांग, प्रवचन आवर म्हनून."

इनास अर्नाळ्याचा. बापाची होडी होती, ती थोरल्या भावाकडे गेली आणि इनासने माल वाहायची मोठी पिकअप घेतली. मासळी, बर्फ, जाळी, जे येईल ते. मी सावंत, मूळचा मालवणकडचा. अर्नाळ्याच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी पुष्कळ वर्षं सुपरवायझर होतो. आता निवृत्त होऊन बोळिंजला राहतो. इनासची आणि माझी ओळख त्या कारखान्याच्या आवारातली. त्या आवाराला उतार होता. हे लक्षात ठेवा.

गाडी सुरू करण्याआधी इनासचा कार्यक्रम बघण्यासारखा असतो. काठीने प्रत्येक टायरवर ठोकून तो कान लावून ऐकतो, डॉक्टर लहान मुलाची छाती ऐकतो तसा. मग रस्त्यावर उताणा पडून गाडीखाली शिरतो. बाहेर फक्त चपला दिसतात. ब्रेकचं तेल रोज बघतो. मासळी उतरवली की गाडी खालून गोड्या पाण्याने धुतो. "मिठाचं पानी लोखंडाला गुपचूप खातं," तो म्हणतो. "वरून चकचकीत, आतून पोकळ. मानसासारखं."

हे वाक्य तो बोलला की मी दुसरीकडे बघायचो.

आवारातले हमाल त्याला 'ठोकळ्या' म्हणायचे. मीही हसायचो. खरं तर सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायचो.

घरीही त्याचा हाच खाक्या. फिलूवहिनींची बसायची खुर्ची, नातीचा पाळणा, मदर मेरीची मूर्ती ठेवलेलं टेबल, सगळ्यांच्या पायांखाली छोटे छोटे ठोकळे. वहिनींचा एक पाय घोट्यापासून वाकडा आहे, त्या काठी घेऊन चालतात. एकदा मी तिथे चहा घेत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, "सावंतभाव, या मानसाला गोड बोलता येत नाय. ज्याच्यावर जीव असेल त्याच्याखाली ठोकळा लावतो." इनास लाजून बाहेर टायर बघायला गेला.

माझ्या घरी एक वेताची आरामखुर्ची आहे. तिचा एक पाय आखूड, त्यामुळे ती डुगडुगायची. इनास आला की वाकून त्या पायाकडे बघायचा. "हलते रे सावंत. पडशील कधीतरी." दोनदा तो खिशातून ठोकळा काढायला लागला, दोनदा मी नको म्हणालो. त्याला वाटलं असेल, सोसायटीतला माणूस, घरात लाकडाचा तुकडा चालत नसेल. कारण तसं नव्हतं. इनासचा ठोकळा माझ्या घरात आला तर मी त्यावर बसणार कसा, हे मला कळत नव्हतं.

आता सांगतोच. माझं वय झालंय, आणि आणखी थांबलो तर सांगायचं राहून जाईल.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. इनासने त्या उताराच्या आवारात गाडी लावली, हँडब्रेक ढिला होता म्हणून चाकामागे ठोकळा घातला आणि पाणी प्यायला गेला. फिलूवहिनी गाडीमागे उभ्या राहून टोपल्या घेत होत्या. वजनाच्या काट्याजवळ पापलेटांचा टप होता. वजन करण्याआधी बर्फाचं पाणी निथळावं म्हणून आम्ही टपाच्या एका बाजूखाली काहीतरी सरकवून तो कलता ठेवायचो. त्या दिवशी हाताशी काही सापडेना. मी वाकलो, इनासच्या चाकामागचा ठोकळा ओढला आणि टपाखाली सरकवला. दोन मिनिटांचं तर काम, असं मनात म्हटलं. तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला.

मी फोनवर 'हॅलो' म्हणालो आणि बाहेरून किंकाळी ऐकू आली.

गाडी फार नाही, हातभर सरकली होती. पण मागे भिंतीची पायरी होती, आणि मधे वहिनींचा पाय होता.

सगळे धावले. मीही धावलो, पण आधी टपाकडे. ठोकळा काढला आणि पायाने कोपऱ्यातल्या गोणपाटांखाली ढकलला. माझ्या आयुष्यात मी एवढ्या चपळाईने दुसरं काही केलेलं नाही.

वहिनींना रिक्षात घालताना इनासने माझा दंड धरला. "सावंत, मी ठोकळा लावला होता ना रे? मला वाटतं लावलेला. तू बघितला?"

मी म्हणालो, "मला तरी दिसला नाही बाबा."

तेव्हापासून इनास आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. म्हणून तो फोटो काढतो. लोक हसतात त्या सवयी माझ्या त्या एका वाक्यातून आल्या आहेत. फोटो नव्हते तेव्हा तो दुसऱ्या कुणाला तरी बोलावून ठोकळा दाखवायचा, "बघितलास ना? सांगशील ना विचारलं तर?" बऱ्याचदा तो मलाच बोलवायचा. मी बघायचो, मान हलवायचो आणि घरी आल्यावर मला जेवण जात नसे. रस्त्यात त्याचा हॉर्न ऐकला की वाटायचं, आज त्याला कळलं. आज तो विचारायला येतोय.

गेल्या वर्षी भातझोडणीनंतर आमच्या सोसायटीतल्या काही घरांनी चांदीप गावाहून वर्षाचा तांदूळ आणायचं ठरवलं. गाडी इनासची, सोबत मी. शेतकऱ्याने पोती चढवली. इनास मागच्या चाकाशी डोकं घालून स्प्रिंगच्या पाट्या किती दबल्या ते बघत होता. एकदम म्हणाला, "बस. आता एक पन नको."

"अहो, एकच उरलंय," शेतकरी म्हणाला.

"ते पायी येईल," इनास म्हणाला.

उरलेलं पोतं तिथेच राहिलं. ते माझं होतं.

परतताना एका टेकाडावरून रस्ता उतरतो. खाली वळण, वळणाच्या कडेला कठडा नाही, पलीकडे नुसता खड्डा. इनासने ब्रेकवर पाय ठेवला आणि त्याचा पाय थेट तळाला गेला. मी ते पाहिलं. तो ओरडला नाही. त्याने पाय दोन-तीनदा मारून पाहिला, मग मोठ्या आवाजात, पोरांना पाढे शिकवावेत तसा बोलायला लागला. "ब्रेक गेला. दुसरा गिअर टाकला. घाबरायचं नाय. इंजिन धरतं. आता पहिला."

इंजिन असं किंचाळलं की माझे दात एकमेकांवर आपटले. मागची पोती पुढे रेटत होती. खड्डा समोर मोठा मोठा होत गेला. मी दाराची मूठ धरली होती आणि मनात देवाचं नाव यायला हवं होतं, पण येत होता तो गोणपाटांखालचा ठोकळा. हाच हिशेब चुकता होणार, असं मला स्वच्छ वाटलं. फक्त माझ्याबरोबर हा का, एवढंच कळेना.

वळणाच्या जरा अलीकडे, इनासने हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी थांबवली. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. तरी पुढचं चाक कुरकुरत बोटबोट सरकत होतं.

"मी हँडब्रेक सोडू शकत नाय," तो म्हणाला. "सावंत, तू उतर. सीटखाली ठोकळा हाय. पुढच्या चाकाला लाव. गाडीच्या पुढ्यात उभा राहू नको, बाजूने लाव."

मी ठोकळा हातात घेतला. इतक्या वर्षांनी. घामाने लाकूड निसटत होतं. मी गुडघ्यावर बसलो आणि बाजूने तो चाकापुढे सरकवला. चाक त्याच्यावर चढू लागलं, लाकूड करकरलं, आणि थांबलं. मी लगेच दुसऱ्या चाकालाही दगड लावला.

इनास उतरला. त्याने वाकून पाहिलं, परत पाहिलं, फोटो काढला. रेंज नव्हती. अंगठा येईना. म्हणून तो गाडीपासून हलेना, आणि आम्ही दोघं बांधावर बसून राहिलो.

"नीट लावलास," तो म्हणाला. "तू विसरला नायस, सावंत. मी त्या दिवशी विसरलो."

मग मी सांगितलं. टप, फोन, गोणपाटं, सगळं. चाकाकडे बघत सांगितलं.

त्याने मला त्या खड्ड्यात ढकललं असतं तरी मी हात वर केला नसता.

"म्हंजे मी लावला होता?"

"लावला होतास."

"नक्की?"

"मी या हाताने काढला, इनास."

"मी लावला होता," तो म्हणाला. मग आणखी एकदा, हळू, "लावला होता." त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "हे फिलूला तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, मी आपला बनवून सांगतो."

वाटेने जाणाऱ्या एका टेंपोवाल्याकडे निरोप दिला, तेव्हा चंदनसारहून मेकॅनिक आला. ब्रेकची एक नळी आतून गंजून फुटली होती, हात पोचत नाही अशा ठिकाणी. अर्नाळ्याला पोचेपर्यंत उन्हं कलली. वहिनी अंगणात आपल्या खुर्चीवर बसून सुपातला सुका जवळा निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. इनास गाडीपाशी पाठ करून उभा होता.

वहिनींचे हात थांबले. मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. मी त्याची तयारी केली होती.

"मी त्याला कधी एका शब्दाने बोलले नाय," त्या म्हणाल्या. "गाव म्हनायचं, फिलू देवमानूस. पन मनात धरलं होतं, सावंतभाव. रोज पाय दुखला की मनात म्हनायची, यानं लावला असता तर. एवढी वरसं धरलं. आता ते मी कुठं ठेवू?" मग जवळ्याकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही जा आता."

मी गेलो. इनासने तांदूळ सोसायटीत पोचवला, माझ्या दारी आला नाही. पुढे कितीतरी दिवस हॉर्न ऐकला की मी खिडकीशी जायचो. आता भीती वेगळी होती, तो कधीच येणार नाही ही.

परवा रविवारी बेल वाजली. इनास. पाठीवर तांदळाचं पोतं, चांदीपला राहिलेलं. ते त्याने कोपऱ्यात टेकवलं, माझ्याकडे न बघता आरामखुर्चीपाशी गुडघ्यावर बसला आणि खिशातून एक छोटा, नीट तासलेला ठोकळा काढून आखूड पायाखाली सरकवला. खुर्ची हलवून पाहिली. परत हलवून पाहिली.

"बस," तो म्हणाला.

मी बसलो. खुर्ची हलली नाही.

त्याने ठोकळ्याचा फोटो काढला, वहिनींना पाठवला आणि फोन हातात धरून उभा राहिला. मी विचारलं, "वहिनी मिस्साला गेल्यात का?"

"नाय. घरीच हाय. फोन तिच्या हातातच हाय."

दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. त्यापुढे काही आलं नाही. मी चहा ठेवू का विचारलं, तर तो जमिनीवर मांडी घालून बसला, फोन आमच्या दोघांच्या मधे ठेवला.

"ठेव," तो म्हणाला. "तिला वेळ लागेल. मी थांबतो."

अंगठा आल्याशिवाय इनास हलत नाही, हे मी आधीच सांगितलं आहे.