तत्काळ स्थानांतर : अर्ज आणि अटी

पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क भाऊसाहेब रोज संध्याकाळी साडेसहा वाजता चष्मा पुसून जादूगार होत असत.

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. इंटरनेटवर अकरा माणसांचा एक गट होता. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, ते पात्र आता काय करतंय ते चार ओळींत लिहायचं आणि पुढच्यानं तिथून पुढे न्यायचं. असं करत करत त्यांनी सात बुरुजांचं एक राज्य उभं केलं होतं. तिथली राणी म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक काकू, ड्रॅगन म्हणजे दातांचे एक डॉक्टर आणि चोर म्हणजे गणिताच्या शिकवण्या घेणारा एक मास्तर. जखमी माणसांना मुळ्या उगाळून लावणारी वैदीण मात्र भाऊसाहेबांची स्वतःची मुलगी होती. ती तीन तासांवरच्या शहरात, एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. आई गेल्यापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं "जेवलीस का?" आणि "हो, तुम्ही?" इथेच संपायचं, म्हणून तिनंच त्यांना या खेळात ओढलं होतं. खेळात ती त्यांना गुरुजी म्हणे आणि पानभर बोले. त्या पानभर बोलण्यासाठी भाऊसाहेबांचा दिवस उजाडायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, तोच चोराला टेलिपोर्टची विद्या आली. डोळे मिटायचे, मंत्र म्हणायचा, इथून नाहीसं व्हायचं आणि भलतीकडे प्रकट व्हायचं. मग ती सगळ्यांनाच आली. पहारेकरी दिसला की चोर गायब. युद्ध सुरू झालं की दोन्ही सैन्यं गायब. शेवटी डॉक्टरांनी रीतसर तक्रार केली.

"परवापासून मी तोंड उघडून बसलोय," त्यांनी लिहिलं. "ज्याला गिळायचं तो मास्तर आयत्या वेळी दुसऱ्याच बुरुजावर जाऊन बसतो. माझ्या दवाखान्यातूनसुद्धा पेशंट इतके पळत नाहीत."

आता नियम हवेत असं सगळ्यांना वाटलं, आणि नियम म्हटल्यावर भाऊसाहेबांच्या अंगात आलं. आठवड्याभरात 'तत्काळ स्थानांतर नियमावली' तयार झाली. पाच जणांची समिती नेमली गेली आणि अध्यक्ष अर्थातच तेच. पहिली अट साधी होती : टेलिपोर्टसाठी तीन दिवस आधी अर्ज. दुसरी त्याहून साधी : जिथून निघायचं त्या जागेच्या ताबेदाराचा ना हरकत दाखला. म्हणजे ड्रॅगनच्या जबड्यातून निघायचं तर दाखला ड्रॅगनचा. डॉक्टर तो नाकारत नसत, पण तोंडात माणूस असताना सही करायची आपल्याला सवय नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

खरा घोळ तिसऱ्या अटीनं झाला. पोचण्याच्या जागेची मंजुरी वेगळी लागे आणि ती मागाहून येई, किंवा येत नसे. समितीतलेच तिघे निघाले आणि मधल्या मध्ये अडकले. एकोणीस दिवस झाले तरी मास्तर हवेतच होता. रोज संध्याकाळी नेमानं हजेरी लावून तो एवढंच लिही, "मी अजून हवेतच आहे." पुढे या तिघांनी 'हवेतील सभासद संघटना' काढली आणि अध्यक्षपदावरून तिच्यात लगेच फूट पडली. हवेतला सभासद कुठेच हजर धरू नये, असं नियम नऊमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तो नियम लिहिताना भाऊसाहेबांना फार बरं वाटलं होतं.

अशात एका मंगळवारी डॉक्टरांनी पूर्वेच्या बुरुजाला आग लावली. वैदीण वरच्या मजल्यावर होती. जिना कोसळला.

"गुरुजी," तिनं लिहिलं, "आता तुम्हीच. मंत्र म्हणा आणि या."

मंत्र चार शब्दांचा होता आणि भाऊसाहेबांना पाठ होता. त्यांनी अर्ज उघडला. तातडीच्या रकान्यात बुरुजाच्या रखवालदाराचा दाखला हवा होता. रखवालदार जळाला होता. अध्यक्षानं स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करू नये, ही अट त्यांनीच घातली होती. त्यांनी समिती बोलावली, तर पाचातले तिघे हवेत, म्हणून कोरम भरेना. त्या तिघांना खाली उतरवायला समितीची मंजुरी हवी आणि मंजुरीला कोरम हवा.

"भाऊसाहेब, मी आग बारीक ठेवलीय," डॉक्टरांनी खासगीत कळवलं. "पण किती वेळ फुंकत बसू? या हो सरळ. कोण विचारतंय?"

"उद्या सगळेच असे यायला लागले तर?" भाऊसाहेबांनी उलट विचारलं. एवढ्या घाईतही शुद्धलेखनाची चूक एकही झाली नाही.

गुरुवारी छप्पर कोसळलं. 'ती शेवटपर्यंत दाराकडे बघत होती,' असं वैदिणीनं लिहिलं. पाच मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा, का नाही आलात?"

"अगं, कोरम नव्हता."

"खेळाचं सोडा," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली मला इथं येऊन. तीन तासांची बस आहे, तिला मंत्र लागत नाही. जाऊ दे. वैदीण मेली, आता मी गटातून बाहेर पडते. जेवलात का?"

"हो. तू?"

भाऊसाहेबांना घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी रजेचा अर्ज काढला. रजा ढिगानं साठली होती. कारणाच्या रकान्यात त्यांनी 'मुलीची आठवण येते' असं लिहिलं, वाचलं आणि खोडलं. पंचवीस वर्षांत असलं कारण त्यांनी कुणाचंही पुढे पाठवलेलं नव्हतं.

मार्ग काढला राणीकाकूंनी. "भाऊसाहेब, मरणं म्हणजे तरी काय?" त्यांनी त्या संध्याकाळी विचारलं. "इथून नाहीसं व्हायचं आणि दुसरीकडे प्रकट व्हायचं. तिनं त्याचा अर्ज केला होता का?"

भाऊसाहेब ताठ बसले. त्यांनी नियमावली चाळली. काकूंचं बरोबर होतं : विनापरवाना स्थानांतर! आणि अशा प्रकरणी नियम सोळानुसार अध्यक्षांनी स्वतः जाऊन, सभासदाची समक्ष पडताळणी करून सही घ्यायची होती. समक्ष हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. सकाळी रजेच्या अर्जावर कारण पडलं, 'स्थळपाहणी', आणि साहेबांनी न वाचताच सही केली.

सोमवारी अकरा वाजता त्यांनी मुलीच्या दाराची बेल वाजवली. तिची दुपारपाळी होती. ओल्या केसांनीच तिनं दार उघडलं.

"बाबा? तुम्ही? काय झालं?"

"काही नाही, कामानं आलोय." त्यांनी फाइल पुढे केली. "तुझा मृत्यू प्रलंबित आहे. इथे सही कर."

तिनं कागद शांतपणे वाचला. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "सही केली की मग काय?"

"मग प्रकरण निकाली. मी संध्याकाळच्या बसनं परत."

"मग आज नाही करत," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातलं पेन तिनं साखरेच्या डब्यात टाकून झाकण लावलं.

भाऊसाहेबांनी तिच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि शेरा मारला, 'सभासदाने सहकार्य केले नाही. मुक्काम वाढवणे भाग आहे.' इतक्या आनंदानं त्यांनी आयुष्यात कुणावर ठपका ठेवला नव्हता.

मास्तर अजून हवेतच आहे. वाचकांना त्याची कीव येणं साहजिक आहे. पण 'येतो एकदा, नक्की' असं आपण ज्यांना वर्षानुवर्षं कळवत आलो, त्यांच्या दारातून बघितलं तर आपणही कधीचे निघालेले आहोत आणि पोचलेलो नाही. फरक एवढाच, की मास्तर रोज हजेरी लावून तसं कबूल करतो.