कॉकची मूठ माझ्याच खिशात

आमच्या ह्यांच्या विसराळूपणाला औषध नाही! छपरावरचा सोलर बंब भरायचा म्हणजे काम ते काय? खालचा कॉक उघडायचा, टाकी भरली की वरच्या पाइपातून गल्लीत धार पडते, ती दिसली की कॉक बंद. पण हे कॉक उघडतात आणि बुद्धिबळाला जाऊन बसतात! मग सगळी गल्ली ओरडते, "लुआन काकू, पाणी भरलं!" लाज काय ती माझी जाते.

परवा तर चूक परवडणारीच नव्हती. आमचा झिबिन एकतिसाचा झाला, दोन स्थळं मोडलेली आणि तिसऱ्या मुलीची आई, छ्यू बाई, घर बघायला येणार! मी आधीच निरोप धाडला होता, "आमच्या नळाला चहा होईल इतकं कढत पाणी येतं!"

सकाळीच मी कॉकची मूठ उपटून काढली. "आज तुम्ही हात लावायचा नाही!"

"अगं, पण बंद करायची वेळ आली तर..."

"मी आहे ना!"

कॉक मीच उघडला, मूठ जपून ठेवली आणि पाव वाफवायला बसले. थोड्या वेळानं बाहेर आरडाओरडा सुरू झाला, "पाणी भरलं! पाणी भरलं!" मी मनात म्हटलं, समोरच्या शिउयुनचं असणार. माझ्या राज्यात पाणी सांडतंय होय!

एवढ्यात दारात किंकाळी! छ्यू बाई बरोबर पाइपाखाली उभ्या. खास फुगवून आणलेले केस कपाळाला शेवयांसारखे चिकटलेले, हातातल्या मूनकेकच्या, सणाच्या मिठाईच्या खोक्यातून पाणी ठिबकतंय!

"अहो, कॉक बंद करा!" मी ओरडले.

"कशानं? दातानं?"

मूठ पिठात शोधली, पावांच्या टोपल्यात शोधली, उशाखाली शोधली. शेवटी हात पुसायला गेले, तर ॲप्रनच्या खिशात खट्ट!

"काही काळजी करू नका," म्हणत मी बाईंना न्हाणीघरात नेलं आणि ऐटीत नळ सोडला. "घ्या, कढत पाणी!"

दुसरी किंकाळी! कालचं सगळं ऊन पाणी केव्हाच गल्लीत, शिउयुनच्या वाळत घातलेल्या मक्यावर! आता नळाला नुसतं विहिरीचं गारगार.

झालं, तिसरं स्थळही गेलं, असं म्हणून मी भिंत धरली. तोच हे आले. दोन्ही हातांत दोन-दोन थर्मास.

"सकाळीच उकळून ठेवलं."

"कशाला?"

"मूठ तू घेतलीस ना, म्हणून."

अंघोळ करून, माझा कोट घालून छ्यू बाई तिसरा पाव खात म्हणाल्या, "तीस वर्षांत आमच्याकडे कुणी माझ्यासाठी पेलाभर पाणी तापवलं नाही हो! मुलगा वडिलांवर गेलाय का?"

"अगदी वडिलांवर!" मी म्हटलं. हे वाक्य मी आजवर फक्त शिवी म्हणून वापरलं होतं.

"मग आमच्याकडून पक्कं!"

पाहुण्या गेल्यावर हे गालातल्या गालात हसत बसलेले. मी मूठ त्यांच्या हातावर ठेवली आणि स्पष्ट सांगितलं, "घ्या, आजपासून तुमच्याकडे. पण एक ध्यानात ठेवा, लग्न माझ्यामुळे जमलंय! मी कॉक विसरले नसते, तर तुमचे थर्मास कुणाला दिसले असते?"