सुभेदारांचा लॅपटॉप झोपतो तेव्हा

आमच्या शेजारचे सुभेदार लॅपटॉपचं झाकण कधी मिटत नाहीत. न्हाव्याकडं जातानाही उघडाच नेतात, नैवेद्याच्या ताटासारखा दोन्ही हातांवर. रहिमतपूरच्या भर बाजारात माणसं त्यांना वाट सोडतात. कुणी हसलं तर म्हणतात, "झोपला तर तुझा बा उठवणार हाय का रं?"

सुभेदार फौजेत सिग्नलला, म्हणजे बिनतारी संदेशाच्या कामावर होते. घरात एकटेच. माडीवर मोठा कॉम्प्युटर ठेवलाय, गल्लीतल्या लग्नाबारशांचे सगळे व्हिडिओ त्याच्या पोटात. लॅपटॉप खाली ओसरीवर. वायफायवरून तो माडीवरचं सामान खाली दाखवतो. पण जरा झोपून उठला की माडीची ओळखच विसरतो. तिथल्या कप्प्यावर लाल फुली मारतो आणि सापडत नाही म्हणतो. घर तेच, जिना तोच. दारू प्यालेला गडीसुद्धा घर चुकत नाही.

त्या कप्प्यात माझी बायको आहे. ती आमच्या अंगणात सांडगे घालत होती तेव्हा सुभेदारांनी व्हिडिओ काढला होता. ती गेली, आणि तिचं हलतंबोलतं तेवढंच उरलं. म्हणून मी रोज दुपारी त्यांच्या ओसरीवर जातो. इतकं जपूनही लॅपटॉप नेमका झोपलेला असतो. कारण सुभेदारांचाही डोळा लागलेला असतो.

मग कवायत सुरू.

"नाना, सावधान. उठल्या उठल्या त्याला काम सांगायचं न्हाई."

आम्ही दोघं उभे. वायफाय बंद, वायफाय चालू. "हजेरी," म्हणून सुभेदार त्या कप्प्यावर बोट दाबतात. फुली तशीच. मग ते माडीवर जाऊन कॉम्प्युटरला थापटतात आणि खिडकीतून विचारतात, "आला का रं शुद्धीवर?"

"न्हाई. तुमीच या खाली, पडाल."

खाली येऊन पासवर्ड. जरा वेळ गेला की फुली आपोआप जाते. माझ्या मते ती नुसत्या थांबण्यानंच जाते, बाकीचा तमाशा फुकट. एकदा तसं बोललो तर तोंड फुगवून बसले.

फुली गेली की ती दिसते. हात चालू, तोंडही चालू. "आवं, कावळा हाकला की. बसलाय नुसतं." हे मला. रोज ऐकतो आणि रोज बरं वाटतं. तिनं ताट उचललं की सुभेदार बंद करतात. "एवढंच हाय, नाना."

परवा माझी लेक सांगलीहून आली. ती कवायत बघून मला म्हणाली, "आबा, फोनवर घेऊन टाका की." च्या उकळेपर्यंत तिनं घेऊनही दिलं. सुभेदार "लय बरं झालं" म्हणाले आणि च्या न पिताच आत गेले.

घरी येऊन मी एकट्यानं बघितलं. बायकोनं ताट उचललं, आणि पुढंही बोलत राहिली.

"भावजी, आता जेवूनच जावा."

"न्हाई वैनी, घरी केलंय."

"कुणी केलंय? तुमच्या कुकरची शिट्टी तर कवा ऐकू येत न्हाई."

मग चित्र खाली झुकतं. नुसती जमीन दिसते, सुभेदारांच्या चपला दिसतात, आणि कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येतो.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं केलं. बुडाला लागलं. तसंच दोन ताटांत वाढलं आणि भिंतीवरून हाक मारली, "सुभेदार, जेवायला या."

"न्हाई नाना, घरी केलंय."

"कुणी केलंय?"

पलीकडं दाराची कडी वाजली, आणि त्यांच्या चपला आमच्या अंगणात आल्या.